पाटकरी

शुक्रवारी मधल्या सुट्टीत अण्णांचा फोन आला आणि त्यांनी मला एक दुकान वाचून दाखवलं. "फॉल, पिको, बीडिंग," ते म्हणाले. "खाली बारीक अक्षरात आहे, साडी पॉलिश करून मिळेल. त्याच्या खाली मोबाईल नंबर. सांगू?" मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलो होतो, घास हातात होता. अण्णा म्हणजे माझे वडील. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझ्या बहिणीकडे, भावनाकडे राहतात, आणि हे दुकान तिच्या गॅलरीसमोर रस्त्याच्या पलीकडे आहे. गेली तीन वर्षं ते दुकान त्यांच्या लेखी एक निळा ठिपका होतं. पंधरा दिवसांपूर्वी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, काल डॉक्टरांनी तपासून 'वाचा आता खुशाल' म्हणून सांगितलं, आणि सकाळपासून ते दिसेल ते वाचत सुटले होते. रिक्षांच्या पाठी, गोळ्यांची पाकिटं, मसाल्याच्या पुडीवरची तारीख. मी हसून "वा अण्णा" म्हणालो. तेव्हा ते म्हणाले, "महेंद्र, रविवारी मला पाणचक्कीवर ने. तुझा बोर्ड लागलाय ना? मला माझ्या डोळ्यांनी वाचायचाय." मी घास परत डब्यात ठेवला. हो म्हणालो. माणूस वडिलांना नाही कसं म्हणणार? फोन ठेवल्यावर माझे कान इतके गरम झाले की शेजारच्या बाईंनी विचारलं, सर, मिरची लागली का?

ही पाणचक्की बदलापूरहून बारवीच्या बाजूला, कोंडशेत नावाच्या गावाखाली, ओहोळाच्या काठी आहे. एकोणीसशे आठ साली दादासाहेबांनी ती बांधली. दादासाहेब म्हणजे आताच्या मालकीण नेत्रा मॅडम, त्यांच्या नवऱ्याचे पणजोबा. वरच्या अंगाला दगडी बंधारा घालून पाणी अडवलेलं, तिथून दोन हात रुंद पाटानं ते डोंगराच्या कडेकडेनं आणलेलं, आणि गिरणीपाशी एका उतरत्या लाकडी पन्हळीतून खाली आडव्या चाकावर सोडलेलं. चाक फिरलं की वरच्या खोलीतलं जातं फिरायचं. पावसापासून होळीपर्यंत, म्हणजे ओहोळाला पाणी असेतोवर, सात गावची नाचणी आणि तांदूळ तिथं दळले जायचे. पाण्याच्या जात्याचं पीठ गार निघतं, म्हणून भाकरी गोड लागते, असं जुनी माणसं सांगतात. हे सगळं मी बोर्डावर लिहिलं आहे, आणि यातलं काही खोटं नाही. मॅडमनी दोन वर्षांपूर्वी तिथं कृषी पर्यटन सुरू केलं, पडकी गिरणी उभी केली, चाक नवं बसवलं, आणि पाहुण्यांना वाचायला इतिहास हवा म्हणून मला बोलावलं. मला मोडी वाचता येते ना. बदलापुरात मोडी येणारे आम्ही तिघं असू, त्यातले एक अंथरुणाला खिळलेले आणि दुसऱ्यांना भेटायला आधी वेळ मागावी लागते. म्हणून मी.

दादासाहेबांच्या मुलाची रोजनिशी मॅडमकडे होती. त्यांच्या घरातल्या झोपाळ्यासमोर टेबल मांडून मी ती वाचायला बसायचो आणि त्या शेजारी बसून लिहून घ्यायच्या. अंगावर शाल, हातात लांब पेन, बाईंना खरी आवड. तिसऱ्या दिवशी पान उलटलं आणि मला माझे आजोबा दिसले. 'हऱ्या महार पाटावर. दोन दिवस. गाळ फार.' एवढंच. माझे आजोबा हरिचंद्र, आणि शाईत ते हऱ्या होते. मला वाटलं, छातीत कुणीतरी टोपलंभर गाळ ओतला. आजोबा त्या गिरणीचा पाट काढायचे हे मला माहीत होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून गाळ काढायचा, पाला काढायचा, पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे गावानं आमच्या घराच्या नावावर लावून दिलेलं काम. त्यांनी हात बुडवलेल्या पाण्यानं चाक फिरलेलं चालायचं. त्यांच्या घरची नाचणी मात्र त्या दगडावर चालायची नाही, दगड बाटला असता. हे मला आईनं एकदा भाकरी थापताना सांगितलं होतं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. "हे काय लिहिलंय, सर?" मॅडमनी बोट ठेवलं. बोट नेमकं त्या नावावर होतं. मोडीत अक्षरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली असतात, न येणाऱ्याला नुसती वळवळ दिसते. मी म्हणालो, "पाटकरी. पाटाचं पाणी बघणारा माणूस." मॅडमनी लिहून घेतलं. "किती सुंदर शब्द आहे! हल्ली ऐकूच येत नाही." तो शब्द वहीत नव्हताच. तो अण्णांच्या तोंडचा होता. ते कधीतरी म्हणायचे, आमचा बा पाटकरी, आणि पुढे गप्प व्हायचे.

मी का लपवलं याचं उत्तर मी स्वतःला बऱ्याच वेळा बऱ्याच प्रकारे दिलेलं आहे. आमचं आडनाव मोरे. मोरे आडनावाचं एक बरं आहे, ते कुणाचंही असू शकतं. बदलापूर पूर्वेला फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहा पाजत विचारलं, मोरे म्हणजे कुठले? मी म्हणालो, इथलेच, कोंडशेतकडचे. ते म्हणाले, म्हणजे आमच्यातलेच की! मी चहा प्यायलो. खोटं असं मी कधीच बोललो नाही, समोरच्यानं करून घेतलेला समज फक्त मोडला नाही. आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे. ती हल्ली सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, कारंज्याच्या शेजारी, त्यामुळे कुणी काही विचारत नाही. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत आहे, कपाटाच्या बाजूला. तिथंच प्रकाश चांगला येतो, असं मी स्वप्नालीला सांगितलं होतं. स्वप्नाली माझी बायको. तिनं फक्त त्या खोलीचा पडदा धुवायला काढला. मॅडमच्या घरीही तेच झालं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, तुमची मोडी म्हणजे घराण्यात असणार, आणि मी मान अशी हलवली की ती हो पण आणि नाही पण. नंतर जेवायला बसवलं, वरणावर स्वतः तूप वाढलं. ते तूप मला आवडलं. हे सांगायलाच हवं, मला ते फार आवडलं. मग वहीत आजोबा निघाले तेव्हा तुपाच्या जागी त्यांना ठेवणं मला जमलं नाही. बोर्डावर दादासाहेबांचं नाव आलं, दगड घडवणाऱ्या पाथरवटाचं आलं, पहिल्या दळणाऱ्याचं आलं, आणि मध्ये एक ओळ आली, 'पाटाची देखभाल करण्यासाठी एक पाटकरी ठेवलेला असे.' ठेवलेला. शेवटी मी लिहिलं, सात गावांच्या जिव्हाळ्याची ही जागा होती. जिव्हाळा हा शब्द लिहिताना माझा हात अडला नाही, हे मला आज आठवतं आणि नकोसं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मसुदा पक्का झाला तेव्हा मी तो अण्णांना वाचून दाखवायला गेलो. का गेलो? शाबासकीसाठी. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी अण्णांनी 'झकास' म्हटल्याशिवाय मला लिहिलेलं लिहिल्यासारखं वाटत नाही. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काढली त्यांनी, आणि युनियनच्या नोटिसा फळ्यावर सुवाच्य लिहायचं काम त्यांच्याकडे असायचं. अक्षराची त्यांना भारी कदर. ते कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, पिकलेले डोळे माझ्या आवाजाच्या रोखानं धरून. वर बाबासाहेबांचा तो मोठा फोटो, त्याला भावना रोज ताजा हार घालते. मी वाचायला लागलो. बंधारा झाला, चाक झालं, पाथरवट झाला. अण्णा मध्येच म्हणाले, "बाचं नाव आहे ना रे?" स्वयंपाकघरातला नळ भावनानं बंद केला. पुढची ओळ तीच होती. मी श्वास घेतला आणि कागदावर नसलेलं वाचलं: "या पाटाचे पाटकरी हरिचंद्र मोरे यांनी अनेक वर्षे इमानेइतबारे हा पाट राखला." वाक्य कसं आपोआप आलं. असली भाषा मला तोंडपाठ आहे, निरोप समारंभाची भाषणं मीच लिहितो. अण्णा म्हणाले, "परत वाच." परत वाचताना 'अनेक वर्षे' म्हटलं होतं की 'तीस वर्षे', मला आठवेना. "इमानेइतबारे," अण्णा स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, गहिवरले. परत येताना मीसुद्धा थोडा गहिवरलो, कोडग्यासारखा. एका घरी होतं ते गाळून वाचलं, दुसऱ्या घरी नव्हतं ते घालून वाचलं, आणि दोन्हीकडे माझं कौतुक झालं. आठवड्यानं भावनाचा फोन आला. तीन वर्षं डोळ्याच्या ऑपरेशनचं नाव काढू न देणारे अण्णा आपणहून म्हणाले होते, चल, उरकून टाकू.

शाळा सुटल्यावर मी थेट कॅम्प पाचला गेलो, पण अण्णांकडे नाही, मुकेशच्या दुकानात. मुकेश बोर्ड बनवतो, पाणचक्कीचाही त्यानंच बनवला होता. सिंधी माणूस, मराठी माझ्यापेक्षा झरझर बोलतो, मध्येच हिंदीवर उडी मारतो. "तो बोर्ड मंगळवारीच गेला ना, सर. फिटिंग पण झाली. क्यों, स्पेलिंग मिस्टेक?" मी म्हणालो, एक नाव राहिलं. "साईं, कोरलेलं आहे ते. आता त्यात नाही जाणार." तो थोडा विचार करून म्हणाला, "स्टिकर मारून देऊ? सेम अक्षर, सेम कलर. किसीको पता नहीं चलेगा. परमनंट पाहिजे की निघणारा?" निघणारं नाव मिळतं हे मला माहीत नव्हतं. मला अण्णांची एक फेरी निभावायची होती, आणि मॅडम तर रविवारी दुपारशिवाय तिकडे फिरकत नाहीत. मी म्हणालो, "निघणारा." मशीननं माझ्या आजोबांचं नाव हळूहळू बाहेर सरकवलं. मुकेशनं ते उजेडात धरलं. "हरिचंद्र मोरे. तुमचे कोणी का, सर?" "नाही," मी म्हणालो, "गावातले एक होते." त्यानं पट्टी सुरळी करून कागदात गुंडाळून दिली, मी ती शर्टाच्या खिशात घातली. भावनाच्या घरावरून गेलो तर अण्णा गॅलरीत उभे होते, समोरचं दुकान वाचत. मी मान खाली घालून पलीकडच्या फुटपाथनं निघून गेलो.

शनिवारी सकाळी शर्ट धुवायला टाकताना स्वप्नालीला पट्टी सापडली. ती अंबरनाथ पश्चिमेला एका लॅबमध्ये आहे, रक्त काढून काढून तिचा हात असा झालाय की टोचलं हे नंतर कळतं. "हे काय?" मी सगळं सांगितलं, अगदी तुपासकट. तिनं पट्टी टेबलावर सरळ केली. "म्हणजे उद्या लावायची आणि अण्णा गेले की काढायची? आजोबांना एका दिवसाचे भाडेकरू करताय का?" मी म्हणालो, अण्णांना वाईट वाटू नये म्हणून. "अण्णांना वाईट वाटेल म्हणून नाही, अहो, तुम्हाला त्यांच्यासमोर उभं राहावं लागेल म्हणून." ती चपला घालता घालता दारातून म्हणाली, "गाडीत सांगून टाका. रागावतील. रागावू देत. बाप आहे, रागावला तर काय मरत नाही माणूस." ती गेल्यावर मी पट्टी फाडायला घेतली. पण ती फाटेना, ताणली जाऊ लागली, मागचा कागद सुटला आणि अक्षरं बोटांना चिकटली. एका अंगठ्यावर 'हरि', तळव्यावर 'मो'. नळाखाली हात धरला, साबण लावला, शेवटी खोबरेल तेल लावून नखानं एकेक अक्षर खरवडलं. काळे तुकडे मोरीच्या जाळीत अडकले, ते काढून कचऱ्यात टाकले. आपल्या आजोबांचं नाव मोरीत खरवडणारा मोडी लिपीतज्ज्ञ. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. उद्या गाडीत सांगायचं, असं मात्र मी ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर शहाण्यासारखी भूकही लागली.

रविवारी अण्णा खालीच उभे होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी, डोळ्यांवर तो डॉक्टरनं दिलेला काळा चष्मा. माझ्या जुन्या वॅगनआरमध्ये पुढे बसले आणि चष्मा जरा वर करून वाचायला लागले. मी तोंड उघडलं की एक बोर्ड यायचा. "अण्णा, मला जरा—" "ज्योती फर्निचर, हप्त्यावर मिळेल." अंबरनाथचा पूल चढताना ठरवलं, उतरल्यावर सांगू. उतरल्यावर त्यांचा जुना कारखाना लागला, तिथं आता टॉवर उभा राहतोय. ते मान वळवून तिकडेच बघत राहिले, म्हणून मीही सांगायचं पुढे ढकललं. बदलापूर मागे पडलं, पाट्या कमी झाल्या, शेतं आली, भाताची कापणी होऊन नुसती बुडखी उरलेली. आता वाचायला काही नव्हतं, आता सांगता आलं असतं. अण्णाच म्हणाले, "महेंद्र, मी सत्तावन्न सालानंतर या रस्त्यानं आलो नाही." मी विचारलं, "का?" ते म्हणाले, "रस्ताच नव्हता." आणि हसले. मी पण हसलो, तेवढ्यात कोंडशेतचा फाटा आला.

गिरणीपाशी धाकलू होता. वाडीवरचा माणूस, पन्नाशीचा, मॅडमच्या जागेची राखण तोच करतो. मला बघून त्यानं बटण दाबलं आणि चाक फिरायला लागलं. "मोटार लावली का फिरतंय," तो अण्णांना म्हणाला. "खालचंच पानी वर जातं, वरचं खाली येतं. पाट कदीच बुजला. रयवारी मान्सं येतात तवा लावायची." अण्णा चाकाकडे बघत राहिले. मग ओहोळाच्या वरच्या अंगाला गेले, एका आंब्याखाली थांबले, पायानं माती चाचपली. "इथून यायचा पाट," म्हणाले. "बा इथं आत उभा, पाणी इथपर्यंत." त्यांनी स्वतःच्या कमरेला हात लावला. "मी वर बसून त्याची भाकरी राखायचो. कावळे फार. दारापर्यंत जायचं नाही, हे आईनं सांगून ठेवलेलं. पण आतला आवाज ऐकायला यायचा. पिठाचा वास यायचा. मला वाटायचं, आत नाचणीचं काय होत असेल." मी म्हणालो, "अण्णा, बोर्डाचं एक सांगायचं होतं." ते म्हणाले, "आधी वाचू दे," आणि चालू लागले. मी मागून गेलो. मला पळून जावंसं वाटलं, आणि ती पळून जाण्याची जागा शोधताना माझ्या लक्षात आलं की मी कित्येक वर्षं तेच करतोय.

अण्णांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. बोर्डाच्या अगदी जवळ गेले आणि अक्षराखाली बोट धरून वाचू लागले, ओठ हलवत, नोटीस तपासून बघायचे तसे. दादासाहेब. बंधारा. पाथरवट. बोट पाटकऱ्याच्या ओळीवर आलं आणि थांबलं. मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो. शर्टाची इस्त्री मानेपाशी मोडली होती. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली असावी, कारण बोट मागे जाऊन परत आलं. मग ते वळले. डोळ्यात पाणी होतं, नव्या डोळ्यात जास्त. "काढलंस," ते म्हणाले.

"अण्णा, मी—"

"बरं केलंस. मी तेच सांगायला आलो होतो." त्यांनी माझा दंड धरला. "तू वाचून दाखवलंस त्या दिवसापासून मला झोप नाही. तू इतक्या आवडीनं लिहिलेलं, तोंडावर कसं सांगू? म्हटलं, आधी आपण बघावं, मग शांतपणे सांगावं. इमानेइतबारे! बाला इमानी म्हणायचं म्हणजे मेल्यावर त्याला परत पाटात उभं करायचं. तुला कसं कळलं रे? कोण बोललं?"  मघापासून मी शिव्यांची वाट बघत होतो, आणि हे आलं. शिव्या असत्या तर खाल्ल्या असत्या. मी मान हलवली, तीच, हो पण आणि नाही पण. अण्णांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "झकास," म्हणाले. मी त्यांचा हात पाठीवर तसाच राहू दिला. मला माझी इतकी किळस आधी कधी आली नव्हती.

मग ते परत बोर्डाकडे वळले आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. "'पुढे डिझेलच्या चक्क्या आल्या आणि काळाच्या ओघात ही पाणचक्की थांबली.' हे कुणी सांगितलं?" मी म्हणालो, वहीत एवढंच आहे, छप्पन्नच्या दिवाळीनंतर दळण बंद. "बंद पडली नाही, बानं बंद केली. छप्पन्नला कल्याणकडून माणसं आली, त्यांनी सांगितलं, आता आपण बौद्ध, गावकीची कामं सोडायची. बा दुसऱ्या दिवशी पाटावर गेला नाही, बस. दादासाहेबांच्या घरचा माणूस बोलवायला आला, तर बा अंगणात बसलेला. म्हणाला, 'ज्याचं दळण, त्यानं पाट काढावा.' आता उतरणार कोण? काम आपलं म्हणून ठरलेलं, त्यात दुसरा उतरला तर त्याची जात जाते. पंधरा दिवसांत पाला कुजून पाट तुंबला. सात गावच्या बायका घरी जात्यावर बसल्या. माझी आई पण बसलेली होती. पहिल्यांदाच सगळ्या सारख्या." ते जरा हसले. "मग आम्हाला गावात ठेवलं नाही. होळीच्या आत विठ्ठलवाडीला आलो. डिझेलची चक्की नंतर आली, चार-पाच वर्षांनी." मी विचारलं, हे कधीच कसं सांगितलं नाहीत? "बा म्हणायचा, सोडलेल्या कामाची फुशारकी काय मारायची. पण तुम्ही खोटं लिहिल्यावर सांगायलाच लागेल ना." ते मला 'तुम्ही' म्हणाले नव्हते, बोर्डाला म्हणाले होते, पण मला ते लागलं.

मागून गाडीचं दार वाजलं. नेत्रा मॅडम त्या दिवशी सकाळीच आल्या होत्या, बरोबर मुंबईचे दोन पाहुणे होते. "अरे सर! तुम्ही इथं? बरं झालं, यांना इतिहास तुमच्याच तोंडून ऐकू दे." पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, मोडीचे अभ्यासक मोरे सर. मी हात जोडले. अण्णा बोर्डाजवळून हलले नव्हते. "मॅडम," ते म्हणाले, नोटीस वाचायच्या आवाजात, "ही शेवटची ओळ चूक आहे. गिरणी डिझेलमुळे नाही थांबली. माझ्या वडिलांनी पाट काढायचं सोडलं म्हणून थांबली. छप्पन्न साली. तेवढं दुरुस्त करा." पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. मॅडमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उत्सुकताच होती. बाई वाईट नाहीत, हे मी आजही म्हणेन. त्या माझ्याकडे वळल्या. "किती इंटरेस्टिंग! सर, हे कोण? तुमच्याबरोबर आलेत का?"

हो, माझे वडील. तीन शब्द. मी ते जुळवले, तोंडापर्यंत आणले. समोर मॅडम, बाजूला ते दोघं, मागे मोटारीवर फिरणारं चाक. माझ्या तोंडून आलं, "माझ्या ओळखीचे आहेत."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. पापणी हलली नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझा चेहरा नीट दिसत असणार, आणि तो त्यांनी पुरता वाचला. मला कळलं की बोर्डावरचं नाव कुणी आणि का गाळलं, तेही त्यांनी आता वाचलं होतं. पाठीवर हात फिरवलेला त्यांना आठवत असेल, मला आठवत होता. मग ते मॅडमकडे वळले.

"हो," म्हणाले, "ओळखीचे आहोत आम्ही."

"मग तुमच्या वडिलांचं नाव सांगा ना," मॅडम मोबाईल काढत म्हणाल्या. "मी लिहून घेते, बोर्डावर घालू आपण. नक्की घालू."

"हरिचंद्र," अण्णा म्हणाले. "पुढे पाटकरी लावू नका. नुसतं हरिचंद्र."

"हरिचंद्र..." मॅडमनी टाइप केलं. "आणि आडनाव?"

अण्णांनी खिशातून काळा चष्मा काढला, काचा शर्टाच्या टोकानं पुसल्या आणि डोळ्यांवर चढवला.

"आडनाव राहू द्या," ते म्हणाले.